अठराव्या भागानंतर हात बदलला

विमान खाली यायला लागलं तेव्हा मला खिडकीतून समुद्राचे दोन रंग दिसले. किनाऱ्याजवळचा फिकट हिरवा, कैरी सोलल्यावर आतून असते तसा, आणि त्याच्या पलीकडचा निळीचा. मधे कुणी पट्टी धरून रेघ मारावी तशी हद्द. शेजारच्या माणसाला मी दाखवलं, तर तो म्हणाला, पाणी आहे, दुसरं काय. तो रजा संपवून बहारीनला परत चालला होता. अशा माणसांना समुद्र दिसत नाही, ड्युटी दिसते.

मी मात्र रंगाचा माणूस. आमच्या भागातल्या चाळीसेक वाड्यांमध्ये नाटकाचे पडदे मी रंगवलेत. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. शिक्षण तिसरी पास. चौथीच्या वर्गात दोन महिने बसलो, मग बापाने रंगाचा डबा हातात दिला. मला सगळे अण्णा पेंटर म्हणतात. प्रवासाचं हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. शुद्धलेखन सूनबाईने तपासलं, बाकी एक शब्द तिचा नाही.

आखाती लढाई होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझा मुलगा प्रकाश तिथे एसीच्या कंपनीत टेक्निशियन, आणि सून सुनंदा सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात लॅबमध्ये. बायको गेल्यावर मी घरात एकटाच, म्हणून दोघांनी हट्ट धरून व्हिसा पाठवला. मी तीनच महिन्यांसाठी येतो असं बजावून आलो होतो, कारण एप्रिलात आमच्या वाडीत जयंतीचं नाटक असतं आणि त्या वर्षी विहारासमोर पक्कं स्टेज झालं होतं. नव्या स्टेजला नवा पडदा हवा. तो रंगवायचा मान माझा होता. गेली तीस वर्षं माझाच होता.

पण पहिली चूक विमानतळावरच झाली. बाहेर माणसांची भिंत उभी होती. त्यात प्रकाशने फोटोत घातला होता तसा पिवळ्या रेघांचा शर्ट, तशीच मिशी. मी सामान टाकून त्याला मिठी मारली. त्यानेही मला मारली. तो केरळचा निघाला, त्याचे वडील त्याच विमानातून यायचे होते आणि त्याने त्यांना सात वर्षं बघितलं नव्हतं. खरा प्रकाश चार पावलांवर उभा होता. तो हसला, पण गाडीत बसल्यावर सुनंदाला हळूच म्हणाला की अण्णांचे डोळे दाखवायला हवेत. माझे कान चांगले आहेत.

त्यांची खोली मुहर्रकमध्ये, विमानतळाच्या शेजारच्या जुन्या गावात. मला ते गाव आवडलं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरात कांदा परतला तर आपल्या डोळ्यात पाणी. घरं मातीच्या रंगाची, आणि दारं लाकडी, जाड, खिळ्यांची नक्षी मारलेली. दाराच्या आत अंगण, अंगणापलीकडे दुसरं दार, त्याच्या आत काळोख. मी सकाळी दारं बघत हिंडायचो. एका म्हाताऱ्या अरबाने मला तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी आत बोलावून गहवा (वेलचीची कडू कॉफी) दिला. एवढासा पेला. मी रिकामा केला की तो भरायचा. सहा पेले झाले तेव्हा शेजारच्या पोराने सांगितलं की पेला हलवून परत दिल्याशिवाय हे थांबत नाहीत. सकाळी तंदूरच्या दुकानातून खुबूस (मोठी पातळ रोटी) आणायचं काम मी माझ्याकडे घेतलं. गरम रोटीला वर्तमानपत्र लागत नाही, खांद्यावर टाकून आणायची.

पंधरा दिवसांनी मला मनामामध्ये चष्म्याच्या दुकानात नेलं. खुर्चीत बसवलं आणि समोरच्या भिंतीवर दिवा लावला. पाटीवर इंग्रजी अक्षरं होती. सगळ्यात वर एक मोठं, खाली लहान, आणखी खाली आणखी लहान.

आता खरं सांगतो. मला ती अक्षरं चांगली दिसत होती. वरचं अक्षर तीन दात्यांच्या फणीसारखं. खालच्या ओळीत एक खुर्ची उलटी टाकावी तसं. पाटीच्या कोपऱ्यात एक चिलट बसलं होतं तेही दिसत होतं. पण त्यांची नावं मला येत नव्हती. प्रकाश लहान असताना मी त्याला सांगून ठेवलं होतं की मला इंग्रजी वाचता येतं, फक्त बोलायची सवय नाही. त्याच्या आयटीआयच्या फॉर्मवर मी वरून खाली नजर फिरवून सही केली होती. आमच्या समाजाने शिक्षणालाच सगळं मानलं, आणि मी बाप असून कोरा, हे पोराला कसं सांगायचं? शेजारी बीएस्सी झालेली सून, मागे चार गिऱ्हाइकं. दुकानदार हिंदीत म्हणाला, चाचा, ऊपर से पढ़ो.

मी म्हणालो, दिसत नाही.

त्याने काच बदलली. मी म्हणालो, दिसत नाही. सातदा बदलली. शेवटी त्याने प्रकाशला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं.

त्या आठवड्यात प्रकाशने वाडीच्या मंडळाला पत्र लिहिलं. अण्णांची नजर गेली आहे, पडद्याचं काम देवरुखच्या बाळू पेंटरला द्यावं, खर्च मी पाठवतो. चांगल्या मनाने लिहिलं होतं, माझ्यावरच्या मायेने लिहिलं होतं, म्हणून तर जास्त लागलं. बाळू पेंटर माझ्या हाताखाली ब्रश धुवायचा. त्याच्या राजवाड्याचे खांब वरच्या बाजूला जाड होतात. तिथली पत्रं कुणी रजेवर निघालं की त्याच्या हाती द्यायची पद्धत, पोस्टापेक्षा लवकर पोचतात. आमच्या तालुक्यातला एक ड्रायव्हर तिसऱ्या शनिवारी जाणार होता. तोवर पत्र फ्रीजवर, पाण्याच्या बाटलीखाली. मी येता-जाता बघायचो. खरं बोललो असतो तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तोंड उघडेना.

आमच्या खोलीखाली एका चिन्याची खानावळ होती. सहा टेबलं. मालक लू, माझ्याच वयाचा, टकलू, बोटीवर स्वयंपाकी म्हणून आला आणि तिथेच राहिला. दुपारी तीन ते साडेपाच दुकान बंद ठेवून तो टीव्हीवर त्याच्या देशातल्या मालिकांच्या कॅसेट बघायचा. एकदा मी काचेबाहेर उभा राहून बघत होतो तर त्याने हात केला, "बाबा, तआल" (ये). बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दिला. चव गवताची. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागलो.

भाषा मला एक अक्षर कळत नव्हती, म्हणूनच मी नीट बघत होतो. ज्याला गोष्ट कळते तो गोष्टीमागे धावतो. मला धावायला काही नव्हतं, मग मी चित्र बघितलं. आठ-दहा दिवसांत माझ्या लक्षात आलं की या मालिका वेगवेगळ्या हातांच्या आहेत. पडद्याचं असंच असतं. तुम्ही सही झाका, मी सांगतो कुणाचा पडदा. जवळची कमान काळपट ठेवायची, मधलं झाड मध्यम, लांबचा डोंगर फिकट, हे सगळेच करतात, पण कोण किती फिकट करतो त्यावरून माणूस कळतो.

लूकडे तिघांच्या मालिका होत्या. मी त्यांना नावं ठेवली. एक मातीवाला. त्याचं सगळं पिवळ्या डोंगरात, चित्राचे तीन हिस्से आभाळ नाहीतर माती, आणि माणूस खाली कोपऱ्यात मुंगीएवढा. माणूस रडत असला तरी हा जवळ जात नाही. दुसरा वाऱ्यावाला. त्याच्याकडे एकही गोष्ट स्थिर नाही. रेशमी पडदे उडतात, दिव्याची ज्योत हलते, बर्फ पडतं, आणि कॅमेरा माणसांच्या मागे मागे चालतो. तिसरा उंबऱ्यावाला. हा माझा. कॅमेरा उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचा आणि आत पाऊल टाकायचंच नाही. दाराच्या चौकटीत दुसरी चौकट, तिच्यात तिसरी, आणि सगळ्यात आत निळसर अंधारात एक लाल वस्तू. कधी कंदील, कधी नवरीची चप्पल. मुहर्रकच्या दारांतून मला जे दिसायचं तेच हा माणूस हजारो मैलांवर बसून काढत होता.

लूला हे कळल्यावर त्याने परीक्षा घेतली. कॅसेटवरचं नाव हाताने झाकून मधूनच लावायचा, एक मिनिट दाखवायचा. मी हाताने आभाळ, वारा नाहीतर चौकट करून दाखवायचो. अकरा वेळा लावलं, अकरा वेळा बरोबर. त्याने आतून स्वयंपाक्याला बोलावून पुन्हा तीन वेळा लावलं. मग मला एक वाटी सूप आणून दिलं, शिंपल्याचं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

आमचं बिनसलं ते उंबऱ्यावाल्याच्या मोठ्या मालिकेवरून. एका खानदानी घराण्यातल्या दोन भावांची गोष्ट, तीस भाग. आम्ही रोज दोन भाग बघत होतो. एकोणिसावा भाग सुरू झाला आणि मी चहा खाली ठेवला. चौकट होती, कंदीलही लालच होता, पण कंदील किंचित हलत होता. पुढे थोरली सून रडायला लागली आणि कॅमेरा उंबरा ओलांडून तिच्या तोंडापर्यंत गेला. उंबऱ्यावाला मेला तरी हे करणार नाही.

मी म्हणालो, हात बदललाय.

लूने बोट वर केलं. "सेम डायरेक्टर, बाबा. वाहद" (एक).

"मफी वाहद," मी म्हणालो. (मफी म्हणजे नाही.) "इत्नेन." दोन.

त्याने कॅसेटच्या खोक्यावरचं नाव दाखवलं, एकच होतं. तो उंबऱ्यावाला त्याच्या गावाकडचा, त्याचा फार अभिमान. त्याचं म्हणणं असं पडलं की तो माणूस दुसऱ्या कुणाला कॅमेऱ्याला हात लावू देत नाही. मी म्हणालो, खोकं छापणारा वेगळा आणि चित्र काढणारा वेगळा. त्याने टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी मला हात केला नाही. मीही काचेसमोरून मान ताठ ठेवून खुबूस आणायला गेलो.

प्रकाशला हे स्वयंपाक्याकडून कळलं. तो रागावला नाही, दमल्यासारखा बसला.

"अण्णा, तुम्हाला भिंतीवरचं वीतभर अक्षर दिसलं नाही. आणि चिन्याच्या टीव्हीत कंदील हललेला दिसला?"

"दिसला."

"का भांडता त्या बिचाऱ्याशी?"

"तो चुकतोय म्हणून."

सुनंदा हसली आणि म्हणाली की मग शोधा ना, शेवटच्या भागानंतर पाटी येते, त्यात सगळ्यांची नावं असतात. प्रकाश म्हणाला, ठीक आहे, अण्णा बरोबर निघाले तर हे पत्र मी फाडून टाकतो. त्याला वाटलं थट्टा आहे. मी म्हणालो, सूनबाई, तू साक्षीदार.

पण तिसावा भाग लूकडे नव्हता. तो त्याच्या मेहुण्याने नेला होता, आणि मेहुणा जनाबियाला एका बंगल्यावर स्वयंपाकी. ड्रायव्हर शनिवारी निघणार होता. शुक्रवारी सुट्टी. प्रकाशने कंपनीची पिकअप काढली, सुनंदा पुढे बसली, आणि मी खाली जाऊन लूच्या काचेवर टकटक केली. तो बाहेर आला, धुतलेला सदरा घालून. त्याला खानावळीतल्या स्वयंपाक्याने आधीच सांगितलं होतं. खात्री असणारा माणूस जसा चालतो तसा चालत तो गाडीत माझ्या शेजारी बसला. अर्धा तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वळणावर त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा तेव्हा दोघंही अंग आक्रसून घ्यायचो.

रस्ता मात्र छान होता. मुहर्रकचा पूल ओलांडला, मनामाच्या काचेच्या इमारती गेल्या, आणि बुदैय्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खजुराच्या बागा लागल्या. वाळूतली ती हिरवळ बघून मला वाटलं, इथल्या माणसांनी पाणी कुठून आणलं असेल. जनाबियाचे बंगले पांढरे, एकसारखे, भिंतीवरून बोगनवेलीची कागदी फुलं लोंबलेली. प्रकाशने बोट दाखवून सांगितलं की या रांगेतले सगळे एसी त्याच्या देखरेखीखाली आहेत. मी प्रत्येक एसीकडे बघितलं. बापाने बघावं असं काम होतं.

मेहुण्याची खोली बंगल्याच्या मागे. एक खाट, एक टीव्ही, एक पंखा. आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो. लूने कॅसेट शेवटापर्यंत पुढे पळवली. दोन्ही भाऊ म्हातारे होऊन एका चौकटीत बसले, चित्र काळं झालं आणि नावं वर सरकायला लागली.

मी प्रकाशकडे बघितलं. तो डोळे बारीक करून बघत होता. सुनंदाही. आयटीआय पहिला वर्ग, बीएस्सी, आणि मी तिसरी पास, तिघंही त्या अक्षरांपुढे सारखेच. मुंग्यांची रांग भिंतीवर चढावी तशी ती अक्षरं वर गेली आणि आमच्यातल्या कुणालाही एक मुंगी ओळखता आली नाही. मला आतून फार बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

लूने बटण दाबून चित्र थांबवलं. टीव्हीजवळ गेला. नाक काचेला लागेल इतका वाकला आणि बोट अक्षरावरून खाली नेलं. मग बोट दुसऱ्याच एका नावावर थांबलं. तो बराच वेळ तसाच वाकलेला. मेहुणा त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मेहुणा मग सुनंदाला इंग्रजीत सांगत होता आणि ती आम्हाला मराठीत. त्याने तिकडच्या एका मासिकात वाचलं होतं. मोठा दिग्दर्शक मधेच आजारी पडला, आणि उरलेले भाग त्याच्या शिष्याने गुरूसारखेच करायचा प्रयत्न करून पुरे केले. खोक्यावर नाव गुरूचंच ठेवलं.

"कितव्या भागानंतर, विचार," प्रकाश म्हणाला.

सुनंदाने विचारलं. मेहुण्याने हाताची दहा बोटं दाखवली, मग आठ.

लू सरळ उभा राहिला, माझ्याकडे वळला आणि दोन बोटं वर केली.

"इत्नेन, बाबा," तो म्हणाला. मेहुण्याच्या थर्मासमधला चहा त्याने स्वतः ओतला आणि पेला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. त्याचे डोळे ओले झाले होते. त्याचा माणूस आजारी होता हे त्याला तेव्हा कळलं. मी त्याला खुणेने सांगितलं, शिष्यही वाईट नाही. फक्त रडणाऱ्या माणसाजवळ जाण्याचा मोह त्याला आवरत नाही. ते आवरणं वयाने येतं.

तो गवताचा चहा मी तळाशी एक थेंब न ठेवता प्यायलो.

परतताना लू माझ्या शेजारी बसून गाणं गुणगुणत होता. खजुरांच्या बागांपाशी प्रकाशने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळला.

"अण्णा, अठरा भाग पाहून हात ओळखलात. मग त्या दुकानात वरचं एवढं मोठं अक्षर का नाही सांगितलंत?"

जिंकलेल्या माणसाला खरं बोलणं सोपं जातं. मी म्हणालो, "दिसत होतं रे. वाचता येत नव्हतं. मला इंग्रजी येत नाही, कधीच येत नव्हतं. तुझ्या फॉर्मवर मी न वाचता सही केली."

प्रकाशने तोंड पुढे फिरवलं. मला वाटलं चिडला. त्याचे खांदे हलत होते. सुनंदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की तो हसतही होता आणि दुसरंही काही करत होता. लूला काही कळलं नाही, पण प्रकाश हसतोय एवढं दिसल्यावर तोही हसला.

फ्रीजवरचं पत्र प्रकाशने माझ्यासमोर फाडलं. चार तुकडे केले, मी आठ करायला लावले. त्या रात्री दुसरं लिहिलं, तेच ड्रायव्हर घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा चष्म्याच्या दुकानात गेलो. या वेळी मी आत शिरतानाच मोठ्याने सांगितलं, भाई, अंग्रेजी नहीं आती. दुकानदाराने दुसरी पाटी काढली. तिच्यावर तीच तीन दात्यांची फणी, कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे बाजूला. दाते कुठे ते हाताने दाखवायचं. मी खालून दुसऱ्या ओळीपर्यंत गेलो. जवळचं बघायला एक चष्मा लागला, तेवढाच. सत्तरीत लागतो.

निघताना लूने मला लाल कागदाचा एक कंदील दिला, घडी होणारा. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं, म्हणून त्याच्या खानावळीच्या मागच्या भिंतीवर मी दोन दिवस बसून दार काढून आलो. दारात दार, त्यात दार, आणि आत कंदील. त्या भिंतीशी टेबल लावू नको असं खुणेने सांगितलं. सहा टेबलांची त्याने पाच केली.

परतीच्या विमानात हवाई सुंदरीने कार्ड भरायला दिलं, सगळं इंग्रजीत. मी शेजारच्या जवान माणसाला म्हणालो, मला वाचता येत नाही, तू भर, मी सांगतो. सत्तर वर्षांत हे वाक्य इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

वाडीत उतरलो तेव्हा सगळ्यांनी जयभीम घातला आणि पहिलं विचारलं की पडदा कधी. महिनाभर रंगवला. राजवाडाच, पण या वेळी मधला दिवाणखाना नाही. चौकटीत चौकट, तिच्यात तिसरी, निळसर अंधार, आणि आत एवढासा लाल कंदील, न हलणारा. जयंतीच्या रात्री पडदा उघडला तेव्हा नाटक सुरू व्हायच्या आधी टाळी पडली. सूत्रधाराला वाटलं ती त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळू पेंटर देवरुखहून आला. कमरेवर हात ठेवून पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला. जवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ आला.

"अण्णा," तो म्हणाला, "काम फक्कड आहे. पण हे दार तुमच्या हाताचं नाही."

मी त्याला विहाराच्या ओट्यावर बसवलं आणि चहा मागवला. खांब वर जाड काढतो, पण पोराचे डोळे चांगले आहेत.